सात गाठींची पुरचुंडी

माझा स्वभाव संशयी आहे, हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी मीच सांगून टाकते. कोळणीने शपथ घेतली तरी बांगड्याचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी पैसे काढत नसे. त्यामुळे आमच्या यजमानांनी नादारीचा अर्ज करायचे ठरवले, तेव्हा घरात डोके ठिकाणावर असलेली मी एकटीच, अशी माझी पक्की समजूत होती.

मालवणात बंदराच्या रस्त्याला आमचे भुसारी दुकान होते. ती पन्नासनंतरची वर्षे. दुकान बरे चालले होते, पण यांनी एका मित्राच्या मचव्यासाठी जामीन म्हणून सही केली. मचवा खडकावर फुटला, मित्र मुंबईला गेला तो गेलाच, आणि ज्यांचे देणे होते ते रोज आमच्या पायरीवर येऊन बसायला लागले. त्यांतला मोठा म्हणजे आम्हाला धान्य पुरवणारा घाऊक व्यापारी. तो स्वतः येत नसे, आपल्या दिवाणजीला पाठवी. दिवाणजी फार गोड बोलायचा. मी त्याला कधी पाणीसुद्धा विचारले नाही.

नादारी म्हणजे काय ते आम्हाला सांगितले कोर्टाच्या आवारात अर्ज लिहीत बसणाऱ्या एका माणसाने. आपल्याच्याने फेड होत नाही असे कोर्टाला लिहून द्यायचे, मग कोर्ट रिसीव्हर नेमते, तो असेल ते विकून ज्याचे त्याला वाटतो आणि माणूस मोकळा होतो. इथपर्यंत ठीक होते. पण मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

"अर्ज करूच्या आदी घरातला सोना भायर काडा," तो म्हणाला. "रिसीव्हर इलो की चुलीतली राख पण सोडूचो नाय."

सोने म्हणजे माझ्या आईचे गोठ, पाटल्या आणि पुतळ्यांची माळ. आई गेल्यावर बाबांनी ते माझ्या ओंजळीत घातले होते. आईचा फोटो नव्हता. तिची म्हणून माझ्याकडे एवढीच खूण होती, आणि ती मला कुणाच्याही घशात जाऊ द्यायची नव्हती.

त्या माणसाचा मला संशय आला होता, पण रिसीव्हरचा जास्त आला. सोने ठेवायचे कुठे? माझ्या भावाकडे म्हटले तर हे नको म्हणाले. यांची थोरली बहीण फोंडाघाटाला असे. बाजारात त्यांचे चहाचे हॉटेल होते. "तुज्या वन्संकडे ठेवया," हे म्हणाले. वन्सं हसऱ्या, मोकळ्या, आल्यागेल्याला हाताला धरून बसवणाऱ्या. इतके गोड माणूस मला कधीच खपले नाही.

पुरचुंडी मी माझ्या हाताने बांधली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. सात गाठी मारल्या आणि प्रत्येक गाठीचे टोक एकाच बाजूला दुमडले, म्हणजे कुणी सोडून पुन्हा बांधली तर मला कळावे. मग ती उकड्या तांदळाच्या पिशवीत घालून यांनी पहाटेच्या एस्टीने फोंड्याला पोचवली. महिन्याभराने अर्ज गेला. मालमत्तेच्या यादीत भांडी होती, दुकानातली फळी-तराजू होती, बायकोचे मंगळसूत्रसुद्धा होते. फोंड्याचे अवाक्षर नव्हते.

आता मला झोप येईना. वन्संना पत्र टाकले तर उत्तर आले, "सगळा बरा आसा, काळजी नको." सगळे म्हणजे काय? पुढे एका लग्नात त्या भेटल्या तेव्हा अंगावर नवे कोरे लुगडे. मी त्या लुगड्याचा काठ दिवसभर बघत बसले. हॉटेलातल्या चहावर असा काठ येतो का? घरी येऊन यांना बोलले तर हे भडकले. "माजी भयण चोर आसा, असा म्हणाचा आसा तुका?"

मग मी करायचे ते केले. सोमवारी नारळ घेऊन देवळात गेले आणि गुरवाला गाऱ्हाणे घालायला सांगितले. त्याच्या कानात एवढेच म्हटले की ठेवलेली वस्तू परत मिळू दे. तो म्हणाला, "असा मोघम देवाक चलना नाय. खंय ठेवलंस, कोणाकडे ठेवलंस, समदा सांग." आमच्याकडची रीतच ती. देवाला पत्त्यानिशी सांगावे लागते, नाहीतर त्याने शोधायचे कुठे? मी हळूच सांगितले, आणि त्याने देवळाचा खांब हलेल अशा आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आवशीचा सोना फोंड्याक नणंदेकडे ठेवल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!" देवळात जमलेले सगळे म्हणाले.

"ता होता तसा तिच्या घराक परत येवंदे, कोणाची बुद्धी फिरली आसात तर ती जाग्यार आणून घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला फार हलके वाटले. आता वन्संवर देवाची नजर होती.

दोन महिन्यांत रिसीव्हरचा माणूस फोंड्याला जाऊन पुरचुंडी घेऊन गेला. व्यापाऱ्याने कोर्टात हरकत घेतली होती. यांची उलटतपासणी झाली, यादी खोटी ठरली, आईचे सोने विकले गेले आणि यांची सुटका होण्याऐवजी कोर्टाने चांगले खडसावून अर्ज लांबणीवर टाकला. मी हट्टाने यांच्याबरोबर रत्नागिरीला वकिलांकडे गेले. वकील शांतपणे म्हणाले, "बाई, माहेरचं सोनं हे तुमचं स्त्रीधन. यजमानांच्या कर्जात ते धरलंच जात नाही. आधी माझ्याकडे येऊन सगळं उघड सांगितलं असतं तर त्याला कुणी हात लावला नसता. तुमचं होतं तर तांदळात घालून बाहेर का नेलं, या प्रश्नाला आता उत्तर काय देणार?"

म्हणजे जे वाचवायची गरजच नव्हती ते आम्ही वाचवायला गेलो होतो. मला रडू फुटले. "पण त्या व्यापाऱ्याला सांगितलं कुणी?" मी विचारले. वकिलांनी यांच्याकडे बघितले, यांनी खिडकीबाहेर. ती नजरानजर मी बरोबर टिपली. बहिणीला पाठीशी घालत होते, दुसरे काय? सात-आठ वर्षे मी फोंड्याचा उंबरा चढले नाही. वन्सं दिवाळीला डबा पाठवीत, तो मी शेजारी वाटून टाकी.

पुढे हे मुंबईला एका पेढीवर नोकरीला लागले, मी मालवणातच राहिले. एकदा घरपट्टीची पावती शोधताना त्यांच्या घरी राहिलेल्या ट्रंकेत कोर्टाच्या नकला सापडल्या. मी खाली बसून वाचायला लागले. व्यापाऱ्याचा साक्षीदार त्याचा दिवाणजी. त्याची जबानी अशी, की आपण सोमवारी देवळात हजर होतो, अर्जदाराच्या पत्नीने गाऱ्हाणे घातले ते आपण कानांनी ऐकले. "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत तोही होता. त्याखाली फोंड्याचा पंचनामा होता. कापडाची पुरचुंडी एक, गाठी सात, न सोडलेल्या, टोके एका बाजूस दुमडलेली. मी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे.

दुसऱ्याच दिवशी एस्टी धरून फोंड्याला गेले. वन्सं हॉटेलच्या मागच्या पडवीत कोकमाची सोले वाळत घालीत होत्या. मला बघून त्यांना काही विशेष वाटलेले दिसले नाही. मी उभ्याउभ्याच विचारले, "तुमका ठावक होता?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "माजो भाव तुका सांगणार होतो. मीच नको म्हटलंय."

"कित्याक?"

"तुजो राग माज्यार रवलो तर रवलो, मी हय लांब आसंय. तो राग तुज्यारच इलो आसतो तर तू खंय गेली आसतीस?"

त्यांनी हाताला धरून मला बाकावर बसवले, आतून चहा मागवला आणि दोन्ही हात माझ्यापुढे उपडे धरले. दारातून आत येताना सवयीने मी आधी त्यांच्या मनगटांकडे बघितले होते, ते त्यांनी बघितले होते. हातांत काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या, आणि त्यांतली एक तडकलेली होती.