हवालदाराची तलवार

लंडनमधल्या आमच्या हॅरोच्या घरात तलवारी जमवते ती मी, नवरा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पाहुणे भिंतीवरच्या तलवारी बघून सरळ त्याच्याकडे वळतात आणि तो बिचारा माझ्याकडे बोट दाखवतो. मी दातांची डॉक्टर, वेम्बलीत माझा दवाखाना आहे. दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्करी तलवार समोर ठेवा, ती अधिकाऱ्याची की खालच्या हुद्द्याची, खरी की नक्कल, हे चहा निवायच्या आत सांगते. गर्विष्ठ म्हणाल तर म्हणा. आहेच मी.

हे वेड लागलं सासऱ्यांमुळे. बाबा मराठा पलटणीत हवालदार होते, ब्रह्मदेशात लढले. जपान्यांनी शरणागती पत्करल्यावर तलवारींचा ढीग पडला होता, त्यातली एक साहेबाने उचलून बाबांच्या हातात दिली. पुढे बाबा आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले, तेव्हा सगळे कागद करून तीही आली. नातेवाइकांत ती 'जनरलची तलवार'. ही बढती सासूबाईंनी दिलेली. दर खंडेनवमीला, शस्त्रं पुजायच्या दिवशी, त्या तिला तेल लावायच्या आणि मुठीलगत पात्यावर कुंकू. माझ्या दात तपासायच्या सळईलाही टिकली असायची. पूजेचं कुंकू पुसायचं नाही, हा त्यांचा नियम. वर्षानुवर्षं तेलकुंकवाचे थर बसत गेले. त्या गेल्या, आणि त्या थराला कुणी हात लावला नाही.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. आम्हा तलवारवाल्यांचा एक क्लब होता, चर्चच्या हॉलमध्ये भरायचा. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात आपली तलवार असावी, असं बाबांच्या मनात आलं. ऐंशी उलटलेली, तरी तलवार दाखवायला आधीच्या बैठकीला ब्लेझर घालून, मेडल्स लावून माझ्याबरोबर आले. क्लबचे जाणते म्हणवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तलवार उपसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ''म्यान खरं आहे, तोंडाशी नंबर आहे बघा. पण कारखान्यातल्या या तलवारींवर मुठीजवळ तोच नंबर ठोकलेला असतो. इथे नुसती लाल घाण आहे. खऱ्या म्यानात कुणीतरी बाजारातलं पातं घातलंय. सॉरी.''

लाल घाण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबला, तलवार म्यानात घातली आणि ताठ चालत बाहेर पडले.

तुम्ही म्हणाल, एवढी जाणकार ना तू, मग घरचीच तलवार कशी नाही तपासलीस? अहो, घरच्या देवाची कुणी पावती मागतं का? मूठ बघून ती जनरलची नाही हे मला केव्हाच कळलं होतं. ॲल्युमिनियमची ओतीव मूठ, वरून दोरी गुंडाळल्यासारखी रंगवलेली. जनरलला असली कोण देतो? पण सासूबाईंच्या शब्दाला धक्का लावायचा नाही म्हणून मी गप्प होते.

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले नाहीत. खुर्चीतून एवढंच म्हणाले, ''सूनबाई, मी खोटं नाही गं बोललो.''

सकाळी मी तलवार त्यांच्यासमोर ठेवली. ''बाबा, नंबर असेल तर या कुंकवाखाली असेल.''

''तिच्या हातचं आहे ते.''

''म्हणून तर विचारते. तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही.''

त्यांनी त्या लाल थरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ''कापूस आण. मीच पुसतो.''

दातांवरचं कीटण खरवडणं हा माझा रोजचा धंदा, पण इथे सळई लावायची सोय नव्हती. पात्यावर ओरखडा उठला की संपलं. मी तेल कोमट करून दिलं, कापूस दिला. बाबा हळूहळू पुसत होते, मी टॉर्च धरला होता. कापसाचे बोळे लाल होत गेले. आधी एक आकडा दिसला, मग दुसरा. बाबा परेडवर पुकारावा तसा एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले आणि मी म्यानावरचा ताडून बघत गेले. अगदी शेवटच्या सातापर्यंत तोच! मी अशी ओरडले की नवरा वरून धावत खाली आला.

मग म्हटलं, आता सगळंच सांगावं. ''पण बाबा, ही जनरलची नाही हं. अशी तलवार हवालदार वगैरे हुद्द्याच्या लोकांना द्यायचे.''

बाबा खो खो हसले. ''अगं, जनरल तुझ्या सासूचा! हवालदाराला साहेब जनरलची तलवार देईल होय? तो जपानीही हवालदार, मीही हवालदार. बरोबरीतलीच मिळाली की!''

क्लबातल्या गृहस्थांनी भिंग लावून दोन्ही नंबर पाहिले, आणि सगळ्यांदेखतच माफी मागितली. मीही मग फार ताणलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलांवर सगळी पाती लखलखत होती, जागोजागी हात लावू नका अशा पाट्या. आमच्या तलवारीपुढे बाबा मेडल्स लावून उभे. दारं उघडण्याआधी त्यांनी खिशातून स्टीलची छोटी डबी काढली. आत त्या दिवशीचा लाल कापूस होता, एकही बोळा त्यांनी टाकला नव्हता. त्यावर बोट घासून त्यांनी मुठीवर एक टिकली लावली. ते गृहस्थ लगबगीने पुढे आले तशी मी आडवी आले. बाबा मागे वळून म्हणाले, ''आता नंबर दिसतोय ना? मग तिचं कुंकू राहू दे.''