चालू रेडिओची दुरुस्ती

आज मिक्सर बंद पडला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी सुनेला म्हणाले, "मिस्त्रीला नंतर बोलाव, आधी प्लग बघ." हे बाबांचं वाक्य. बऱ्हाणपूरला आमचा रेडिओ बिघडला की ते प्लग बघत, फ्यूज बघत, मग रेडिओची अर्थची तार अंगणात जिथे पुरली होती तिथे तांब्याभर पाणी ओतत. एवढ्यानंही भागलं नाही, तरच गफूरमिस्त्री.

राज्यांची नवी वाटणी चालली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी रेडिओवर बातमी अगदी स्पष्ट ऐकू आली: नागपूर मुंबई राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशातच राहणार. बाबांचं सगळं शिक्षण नागपूरचं. ते उठले, प्लग काढून परत लावला, अंगणात जाऊन तारेवर पाणी ओतलं. मग चक्क मिस्त्रीला बोलावलं. मला कळेचना, चालू रेडिओला झालंय काय? अजूनही पुरतं कळलंय असं नाही.

गफूरचाचांनी मागची फळी काढली, धूळ फुंकली, कान लावला.

"मास्तरजी, याच्यात काहीच खराबी नाही."

"नीट बघा, गफूरभाई," बाबा म्हणाले. "असेल कुठेतरी."