अण्णांनी घेतलेली इंग्रजीची परीक्षा

आमचे अण्णा पूर्णा जंक्शनवर पॉइंट्समन होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी शब्द दिवसभर त्यांच्या तोंडात असायचे. अप, डाऊन, लेट, राइट टाइम. मी सातवीत गेलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शाळेत विरुद्धार्थी विशेषणं सुरू झाली आणि मी ती क्वार्टरच्या ओट्यावर बसून मोठ्यानं पाठ करू लागलो. हॉट-कोल्ड, वेट-ड्राय, रिच-पुअर. त्या दिवशी अण्णा पहिल्यांदाच माझ्या अभ्यासाजवळ येऊन बसले.

"हे मला कळायलंय," ते म्हणाले. "जोड्या हायत. अपला डाऊन. एकाला एकच."

हे 'एकाला एकच' त्यांच्या कामातून आलं होतं. रूळ जिथं दोन दिशांना फुटतात तिथला खटका एकतर या बाजूला ओढायचा, नाहीतर त्या. मधे ठेवला तर डबे घसरणार. एखाद्या प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं असू शकतात असं त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते त्यांना हलगर्जीपणाचं वाटलं असतं.

थोरला भाऊ माझ्याच वर्गात होता. इंग्रजीपायी सहावीत त्याचं एक वर्ष गेलं आणि मी मागून येऊन त्याला गाठलं. आम्ही एकाच बाकावर बसायचो. इंग्रजीच्या सरांची शिकवण्याची रीत अशी की ते शब्द फळ्यावर लिहीत नसत, पोरांना पुढं उभं करत. टॉल-शॉर्टला एक जोडी, फॅट-थिनला एक जोडी. पोरांना मजा वाटायची. एकदा त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "क्लेव्हर." मग भावाच्या डोक्यावर ठेवला. "डल."

मधल्या सुट्टीत पोरं ओरडली, "डल आला रे, डल!" भाऊ हसला. "आरं, डल तर डल. डाळ तरी म्हणू नका," असं काहीतरी बोलून त्यानं त्यांनाच हसवलं. मला हसता आलं नाही. त्याच्यासाठी वाईट वाटत होतं म्हणून हसलो नाही, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला त्याची लाज वाटत होती. तो माझ्या बाकावरून उठून जावा असं मला वाटत होतं.

आणि तो डल नव्हताच. पुस्तक समोर ठेवलं की त्याचं डोकं बंद व्हायचं, एवढंच. शाळा सुटल्यावर तो मला यार्डात ओढून न्यायचा. "तू शब्द सांग बारक्या, मी वस्तू दावतो." मी म्हणायचो, फुल. तो मालगाडीच्या कोळशानं भरलेल्या वाघिणीवर थाप मारायचा, मग शेजारच्या रिकाम्या वाघिणीवर. तिचा आवाज वेगळा यायचा. "एम्प्टी." असा शिकलेला शब्द तो विसरत नसे. लोको शेडमध्ये सिकंदराबादकडचा एक म्हातारा ड्रायव्हर होता, घरी इंग्रजी बोलणारा. भावाची त्याच्याशी दोस्ती होती. एकदा आम्ही दोघं उभे असताना त्यानं मेलच्या मोठ्या इंजिनाकडं हात करून 'बिग' म्हटलं आणि शंटिंगच्या छोट्या इंजिनाकडं बघून 'लिटल, माय बॉय, लिटल.' भाऊ घरापर्यंत तेच म्हणत आला.

दिवाळी झाल्यावर गंगाखेडहून मामा आले. तिथं एसटी स्टँडजवळ त्यांचं हॉटेल होतं. कामाचा गडी पळून गेला होता.

"दाजी, थोरल्याला माझ्यासंगं द्या. बाहेरचं माणूस गल्ल्यावर बसवता येत न्हाई. शाळेत तरी तो काय करायलाय?"

माय चुलीजवळून म्हणाली, "वरीस तर पुरं होऊ दे."

"आन परत त्याच वर्गात बसला म्हंजे?"

 अण्णांनीच आधी सांगून ठेवलं होतं, औंदा इंग्रजीत गेला तर शाळा बंद. भाऊ दारात उभा होता. तो पुढं आला.

"अण्णा, मला यायलंय आता. इचारून तर बघा."

"मला काय कळतंय रे त्यातलं?"

"बारक्याला कळतंय की. तो सांगल बरोबर का चूक."

त्यानंच माझं नाव घेतलं. त्याचा माझ्यावर भरवसा होता.

अण्णांनी मला पुस्तक आणायला लावलं. मी शब्द वाचायचा, भावानं त्याची जोडी सांगायची आणि अण्णांनी माझ्याकडं बघायचं, असं ठरलं. भाऊ भिंतीला पाठ लावून, हात मागं बांधून उभा राहिला.

"हॉट."

"कोल्ड."

"बरोबर हाय?" अण्णांनी विचारलं.

"बरोबर."

हेवी, लाँग, वेट, फुल. तो धडाधड सांगत गेला. माय चूल सोडून उंबऱ्यात येऊन बसली. मामासुद्धा हसले. "आयला, सायेब झाला की ह्यो! चहाच्या पेल्यालाबी इंग्रजीत बोलंल." अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत होता. भाऊ माझ्याकडं बघून हळूच हसला.

मी पुढचा शब्द वाचला. "बिग."

"लिटल," भाऊ म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं.

पुस्तकात 'स्मॉल' छापलं होतं. पण 'लिटल' चालतं हे मला माहीत होतं. ड्रायव्हरसाहेबांनी म्हटलं तेव्हा मी तिथंच होतो. 'बरोबर' एवढाच शब्द मला उच्चारायचा होता. पण त्याच वेळी मला वर्ग दिसला, बाक दिसला, 'डल आला रे' ऐकू आलं. मी म्हणालो, "पुस्तकात स्मॉल हाय."

'चूक' हा शब्द मी वापरला नाही. तेवढी चलाखी माझ्यात त्या वयातही होती.

"म्हंजे चुकलं," अण्णा म्हणाले.

मी खाली बघितलं. भाऊ हात मागं बांधून तसाच उभा राहिला.

"बाकीचं समदं आलं की त्याला," माय म्हणाली.

मामांनी नेमकी जागा धरली. "दाजी, तुमी रोज खटका बरोबर ओढता. एक डाव चुकला तर सायेब काय म्हणतील? बाकीचं समदं आलं म्हणून सोडतील का?"

"न्हाई सोडणार," अण्णा म्हणाले. दारातून रूळ दिसत होते, त्यांच्याकडं बघत पुढं म्हणाले, "घिऊन जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भाऊ मामांबरोबर परभणीकडं गेला, तिथून गंगाखेडला. मी शाळेत गेलो. बाकावर ऐसपैस जागा झाली होती. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडतो, पण बरं वाटलं होतं.

भाऊ गल्ल्यावर कधीच बसला नाही. तिथं मामांची मुलं बसली. तो राखेनं पेले घासत राहिला. दिवाळीला यायचा तेव्हा बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या असायच्या आणि माय त्यावर तेल लावायची. मी मॅट्रिक झालो, परभणीच्या कचेरीत चिकटलो, साहेबांची इंग्रजी पत्रं वाचू लागलो. पाहुण्यांत अण्णा माझं कौतुक करायचे. "थोरल्याला इंग्रजी झेपली न्हाई," असंही सांगायचे. मी समोर बसून ते ऐकायचो. खरं काय ते त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

भावाला सांगितलं, अण्णा गेल्यावर. तोवर त्यानं स्टँडसमोर स्वतःचा चहाचा गाडा टाकला होता. माझं सगळं बोलून झालं, तरी तो स्टोव्हला पंप मारत होता.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "डायवरसायेब बोलला तवा तू माझ्याच बाजूला व्हतास."

"मग तवाच बोलला का न्हाईस तू?"

"तू बोलशील म्हणून." त्यानं गिऱ्हाइकाला पेला दिला. "सकाळी गाडीत बसलो तरी वाटत व्हतं, बारक्या पळत यील."

मी माफी मागितली. "च्या घे," तो म्हणाला. मग पुढच्या गिऱ्हाइकाचा पेला भरू लागला.

त्याची मुलगी यंदा दहावीला आहे. इंग्रजी तिलाही जड जातं. वहिनी म्हणाल्या, भावजी एवढे शिकलेले, रविवारी येतातच, थोडं बघतील. मी लगेच हो म्हणालो. कदाचित फारच लगेच म्हणालो.

"नको," भाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "तू येत जा, जेवून जात जा. पन तिचा अभ्यास तू घिऊ नको."

मी अजून जातो. ती ओट्यावर वाचत बसलेली असते. मी दिसलो की पुस्तक मिटते, "काका, या," म्हणते आणि आत निघून जाते.