आठव्या दिवसाचं मला विचारू नका

"आठव्या दिवसाचं मला विचारू नका," असं म्हणून काका दोन्ही हात वर करत, आणि मग पहिल्या सात दिवसांबद्दल दोन तास बोलत.

आमच्या गावच्या फ्रीगंज वस्तीत आमच्यापासून चार घरं सोडून ते राहत आणि शाळेत भूगोल शिकवत. तरुणपणी, ग्वाल्हेर दरबारच्या काळात, ते इंजिनियर व्हायला विलायतेला गेले होते. बोटीनं जायला तीन आठवडे लागले, यायला तीन आठवडे लागले, आणि मधे ते विलायतेत राहिले सात दिवस. का परत आलात, असं कोणी विचारलं तर सांगत, "हवा मानवली नाही." गावानं त्यांचं नाव ठेवलं 'सात दिवसांचे सायब'. सगळं जग नकाशावर शिकवणाऱ्या माणसानं त्यातला जेमतेम एक आठवडा पाहिलेला असावा, याची पोरांना मोठी मौज वाटे.

दुसरा कोणी असता तर आयुष्यभर तो विषय टाळत राहिला असता. काकांनी त्या सात दिवसांचं शास्त्र केलं. गावातून कोणी शिकायला बाहेर निघालं, की निरोपाची वाट न पाहता काका त्याच्या घरी हजर. मग तो विलायतेला निघालेला असो, रुडकीला असो की बनारसला. "परका गाव तो परका गाव," ते म्हणत. "पहिले सात दिवस सगळीकडे सारखे. तेवढे सांभाळले तर माणूस टिकतो, नाही तर माझ्यासारखा शाळेत येऊन भूगोल शिकवतो."

तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांना एकच गोष्ट येते पण ती मुळापासून येते. काकांना पहिला आठवडा येत असे.

फाळणीनंतर त्यांच्या शेजारच्या घरात एक सिंधी कुटुंब येऊन उतरलं. काकू भाजीचं पातेलं घेऊन निघाल्या, तेव्हा काकांनी त्यांना दारात अडवलं. म्हणाले, "विचारू नकोस हं, पाहिजे का म्हणून. सरळ वाढ आणि ये." सात दिवस काकूंनी न विचारता वाढलं. हे मी शाळेत असताना आमच्या ओट्यावरून पाहिलं होतं. त्यामागचं कारण मला काही वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या घरात उपाशी बसल्यावर.

त्याचं असं झालं. मला विलायतेत लीड्सला जाऊन रंगांचं रसायनशास्त्र शिकायची संधी मिळाली. लहानपणी आईबरोबर भैरवगढला छापील चादरी घ्यायला जायची, तेव्हा ती भाव करत असे आणि मी रंगाऱ्यांच्या हौदापाशी उभी राहून त्यांचे कोपरापर्यंत लाल झालेले हात बघत असे. हा रंग निघत का नाही, या एका प्रश्नावर मी एम. एस्सी. झाले. मध्य भारत सरकारची शिष्यवृत्ती आली, बोटीचं तिकीट झालं, आणि मग घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. मुलगी एकटी, तीही सातासमुद्रापार. देवासची आत्या दोन दिवस मुक्कामाला येऊन रडून गेली.

बाबा स्टेशनवर बुकिंगला होते. रोज शेकडो लोकांना तिकिटं देणारा हा माणूस माझ्या एका तिकिटापुढे हतबल झाला. शेवटी त्यांनी तोडगा काढला. "काकांकडे सात दिवस राहा. ते म्हणाले जमेल, तर जा. नाही म्हणाले तर मी तिकीट परत करून येतो." मी हो म्हटलं खरं. काका कोणालाही नुसतं बरं वाटावं म्हणून पास करत नसत, हे सगळ्या फ्रीगंजला माहीत होतं.

काकांनी बाहेरची खोली मला दिली; सात दिवस तीच माझी विलायत. एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. दार लावून घ्यायचं. आमच्या घरात दार लावून बसायचं ते फक्त गोवर आलेल्या माणसानं. इथे मी धडधाकट असून दार लावून बसले होते. स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, चहा स्वतः करायचा, घरी जायचं नाही, आणि घरच्यांनीही यायचं नाही. दुसऱ्याच दिवशी आई भाजी घेऊन जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं आली आणि खिडकीसमोर थबकली. काका ओसरीवरून ओरडले, "वहिनी, मधे समुद्र आहे!"

"समुद्र राहू द्या हो," आई म्हणाली. "पोरगी रोज वेणी घालून राहिली आहे की नाही, तेवढं सांगा."

"इथून दिसत नाही. पत्रानं कळवतो," काका म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच आतून एक कागद आणून त्यावर 'वेणी घालते' असं लिहून आईच्या पिशवीत टाकला.

घरमालकीण मिसेसचं काम काकूंकडे होतं. नऊवारी नेसलेल्या या मिसेसला इंग्रजी दोनच वाक्यं पाठ होती, "सम मोअर?" आणि "व्हेरी वेल." खरं तर या कामासाठी काकूंइतकं नालायक माणूस शोधून सापडलं नसतं. जेवायला उकडलेले बटाटे आणि स्टेशनजवळच्या बेकरीचा पाव, असा काकांचा हुकूम होता. काकू स्वयंपाकघरातून ऐकू येईल अशा बेतानं बोलत, "पाहुण्याला बिनफोडणीचे बटाटे! चांगलं दिसतं का ते? खामखा पोरीला आजारी पाडून राहिले आहेत." मग बटाटे घेऊन बाहेर येत, सरळ उभ्या राहत आणि म्हणत, "सम मोअर?"

आणि मी म्हणायची, "नो, थँक यू."

"व्हेरी वेल," असं म्हणून मिसेस बटाटे घेऊन आत जात, आणि मी रिकाम्या ताटाकडे बघत बसत असे.

यात माझी काय चूक होती, सांगा. आपल्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारी मुलगी कधी पाहिली आहे का तुम्ही? पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, तिसऱ्यांदा वाढणारीनं हात बाजूला सारून वाढायचं आणि आपण 'अगंबाई, किती हे' म्हणत सगळं संपवायचं. मी तशीच वाढले होते. माझं 'नको' जिभेवर बसलेलंच असायचं. मनात ठरवून बसले, तरी पातेलं दिसलं की ते आधी बाहेर पडे.

तीन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी काकांनी मला सकाळीच सांगून ठेवलं, "आज दुपारी चार वाजता रडू येईल. मोजे धुवायला काढून ठेव." मी म्हटलं, मोजे कशाला? "रडायचं तर खुशाल रडावं बेटा, पण हातात काम पाहिजे. रिकाम्या हातानं रडलं की माणूस पेटी भरायला घेतो." चौकातल्या टावरच्या घड्याळात चार वाजले आणि मला रडू आलं. आता ते घरच्या आठवणीनं आलं की भुकेनं, हे सांगणं कठीण आहे. मी मोजे धुतले. इतके स्वच्छ मोजे मी पुन्हा कधी धुतले नाहीत.

चौथ्या दिवशी मी पुन्हा "नो, थँक यू" म्हटलं. काकू पातेलं घेऊन वळल्या, आणि काका हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून एकदम म्हणाले, "बेटा, हवा मानवली होती मला."

मला काही कळेना. काकूही पातेल्यासकट तिथेच थांबल्या.

"हवा बिलकुल छान होती. मी भुकेनं परत आलो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "बोटीवर न विचारता वाढून टाकत. तिथे गेलो तर ती मिसेस विचारायची. चांगली बाई होती हो. रोज विचारलं तिनं. रोज मी नो, थँक यू म्हटलं. वाटायचं, आता पुन्हा विचारील. तर ती पातेलं उचलून आत! तिला वाटलं, या लोकांचा आहारच एवढा. बाहेर जाऊन खावं, तर घरातल्या बाईचा अपमान. सात दिवस काढले. घरी कोणी तरी ओढून ताटावर बसवील, एवढंच दिसायला लागलं डोळ्यांपुढे. निघताना दारात ती म्हणाली, वाटेत खायला काही बांधून देऊ का? आणि मी काय म्हटलं असेन?"

"नो, थँक यू," काकू हळूच म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि त्यांनाही हे तेव्हाच कळत होतं.

मग काकूंना हसू फुटलं. पदर तोंडावर धरून त्या हसायला लागल्या, मग मी, मग काका. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आम्ही तिघं हसलो. "दरबाराचा इंजिनियर बटाट्यांत गेला!" काकू म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या. मला मात्र त्या हसण्यातच काकांबद्दल फार माया वाटली. तीस वर्षं जे कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी माझं तिकीट परत जाऊ नये म्हणून सांगितलं होतं.

तरी सुधारणा एका दिवसात झाली नाही. पाचव्या दिवशी मी "नो... यस" म्हटलं. काकांनी अर्धा मार्क दिला. सहाव्या दिवशी काकूंनीच घात केला. मी नको म्हणताच त्यांच्यातली मिसेस कोलमडली. "अगं घे गं बाई!" म्हणून त्यांनी चार बटाटे माझ्या ताटात लोटले, आणि त्यांना जिरंमिरचीची फोडणीही होती. काकांनी तो दिवस रद्द केला.

सातव्या दिवशी संध्याकाळी बाबा निकाल ऐकायला आले आणि कोपऱ्यात टोपी हातात धरून बसले. काकूंनी बशीतून मावाबाटी आणली. मावाबाटी म्हणजे गुलाबजामाचा थोरला भाऊ. काकांचा जीव होता तिच्यावर. आम्हाला एकेक मिळाली आणि बशीत एक उरली. ती कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. काका तिच्याकडे एकटक बघत होते. काकू बशी घेऊन माझ्यापुढे आल्या, सरळ उभ्या राहिल्या.

"सम मोअर?"

खोलीत मोठी माणसं बसलेली. शेवटचा घास. घरधन्याचा वाटा. माझं 'नको' जिभेवर येऊन बसलं. बाबांनी टोपी घट्ट धरली.

"यस, प्लीज," मी म्हटलं, आणि ती मावाबाटी उचलून सबंध तोंडात कोंबली.

काका खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. "जाऊ द्या हिला," ते बाबांना म्हणाले. "ही उपाशी नाही मरायची!"

बोट गाठायला निघाले, तेव्हा नागद्याच्या गाडीत बसवायला सगळे आले होते. काकांनी खिडकीतून शेवटची सूचना दिली. "पहिल्या आठवड्यात घरी पत्र लिहायचं, टाकायचं नाही. आठव्या दिवशी वाचायचं." "आणि आठव्या दिवशी काय होतं, काका?" मी विचारलं. गाडी हलली होती. त्यांनी दोन्ही हात वर केले. निरोपाचे म्हणून बाकीच्यांनीही हात वर केले, पण काकांचे कशासाठी होते ते मला माहीत होतं.

लीड्सच्या मिसेसनं पहिल्याच जेवणाला पातेलं पुढे करून विचारलं आणि, काय सांगू, माझ्या तोंडून "नो, थँक यू" निघून गेलं. बाई वळल्या. मला समोर फ्रीगंजची बाहेरची खोली दिसली, आणि मी ओरडले, "यस! यस, प्लीज!" समोर बसलेल्या एका गृहस्थांच्या हातून काटा खाली पडला. पण बटाटे आले. मीठ घालून मी पोटभर खाल्ले.

आठव्या दिवशी मी घरचं न टाकलेलं पत्र वाचलं, फाडलं आणि पहिलं पत्र काकांना लिहिलं. 'तिसऱ्या दिवशी रडू चारला आलं नाही, साडेचारला आलं. टावरचं घड्याळ अर्धा तास पुढे असावं. मोजे धुतले. आता आठव्या दिवसाचं. काका, आठव्या दिवशी काहीच होत नाही. सकाळ होते आणि आपण तिथेच असतो. बसच्या कंडक्टरनं मी न सांगता माझ्या स्टॉपचं तिकीट दिलं. प्रयोगशाळेत माझे हात मनगटापर्यंत लाल झाले, घासले तरी निघाले नाहीत, आणि मला फार आनंद झाला. एवढंच. तुम्ही एक दिवस थांबला असता तर तुम्हालाही जमलं असतं.'

शेवटचं वाक्य लिहिलं आणि पत्र पेटीत पडल्यावर वाटलं, हे लिहायला नको होतं. त्याची टोचणी मला दोन वर्षं होती. काकांचं उत्तर आलं होतं, पण त्यात फक्त बटाट्यांची चौकशी होती.

मी गेले मध्य भारतातून आणि परत आले ती मध्य प्रदेशात. ज्या सरकारनं मला पाठवलं, ते सरकारच राज्यांच्या फेररचनेत नाहीसं झालं होतं. काकाही नव्हते. आदल्या थंडीत, दोन दिवसांच्या तापानं गेले. बाबांनी हे मला स्टेशनवरच सांगितलं, आणि मी सामान घरात टाकून तशीच चार घरं चालत गेले.

बाहेरच्या खोलीत खाट, टेबल आणि खुर्ची तशीच होती. काकू मला बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोहे टाकते. घेशील?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या हसत होत्या. पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवून त्यांनी कपाटातून माझं पत्र काढलं. घड्यांवर ते विरून गेलं होतं.

मी म्हटलं, "काकू, ते शेवटचं वाक्य मी..."

"ते वाक्य सगळ्यांत आधी वाचायचे," काकू म्हणाल्या. "तू गेल्यावर पाच जण आले शिकायला. प्रत्येकाला हे पत्र वाचून दाखवलं, अगदी ऐटीत. आणि मग दोन्ही हात वर करून म्हणायचे, नवव्या दिवसाचं मला विचारू नका."