तागडीवरचे पाणी

किस्से जमवावे लागत नाहीत. घरात एखादे वेगळे मूल असले की लोकच ते आणून उंबऱ्यात ठेवतात. आईबापांना फक्त नीट रचून ठेवण्याचे काम उरते. आमच्या सुजाताच्या निमित्ताने सेलूच्या बाजारपेठेने मला इतके किस्से दिले, की चार मित्र बसले आणि चहा आला की ते आपोआप बाहेर येतात. मित्र हसतात. मीही हसतो. सुजाताची आई मात्र रिकाम्या कपबशा उचलून आत जाते.

सुजाता सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळून पाहत नसे. पण मागच्या अंगणात भांडे विसळले तरी धावत येई. अशा मुलांना काय म्हणावे, हे त्या काळी आमच्या भागात कोणाला ठाऊक नव्हते. जे शब्द ठाऊक होते, ते मी वर्गात कोणाला उच्चारू दिले नसते. अखेर तिला औरंगाबादच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तिच्या डोळ्यांवर विजेरी धरली, कानाशी टाळ्या वाजवल्या, आणि निदान केले की मुलीशी घरात भरपूर बोलत जावे. बोलणे कानावर पडले की बोलणे येते.

मी हायस्कुलात मराठी आणि पाली शिकवीत असे. सुजाताची आई राणीसावरगावची. तिने एकवार माझ्याकडे पाहिले आणि डॉक्टरांना म्हणाली, “ऐकूनच बोलाया येत असतं, तर आमच्या घरच्या भिंती एव्हाना भाषण कराया लागल्या असत्या!”

छप्पन्न साली माझ्या वडिलांनी घरातले देव गावच्या ओढ्यात सोडले. मी तेव्हा शिकत होतो, आणि त्या प्रसंगावर मी एक प्रदीर्घ निबंधही लिहिला होता. सुजाता बोलेना, तसे ते देव एकेक करून मागच्या दाराने परत येऊ लागले. आत्याबाई अंगारा घेऊन आल्या. शेजारणीने माझ्या अपरोक्ष नवस बोलून ठेवला. मी प्रत्येकाला नम्रपणे आणि सविस्तर नकार दिला.

आमच्या शेजारी करीमचाचा शिंप्यांचे दुकान होते. ते ताईत घेऊन आले, तेव्हाही मी विवेकनिष्ठेविषयी थोडे बोललो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बराबर हाय मास्टरसाब. पर ताईत पोरीला बांधायचाय, तुमाला न्हाई.”

ताईत बांधला गेला. सुजाताने तो चावून चावून पार चपटा केला. करीमचाचांनी तो उजेडात धरून पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

“असर व्हायलाय.”

पुढे तिला बालवाडीत घातले. पहिल्या दिवशी प्रार्थनेला सगळी मुले चुळबुळत असता एकटी सुजाता ताठ उभी राहिली. बाईंनी तिचे उदाहरण इतरांना दिले. प्रार्थना संपली, मुले बसली, खाऊ वाटला गेला; सुजाता उभीच. शाळा सुटली तरी उभीच. हात धरून ओढले, तेव्हा तिने असा आक्रोश केला की पलीकडच्या कचेरीतले कारकून बाहेर आले.

बाई मोठ्या सज्जन होत्या. त्या मला एवढेच म्हणाल्या, “मास्तर, शिस्त लय आहे हो तिला. आमच्या शाळेत मावायची नाही एवढी.”

मग तिची शाळा मीच घेऊ लागलो. माझे हायस्कूल सकाळचे. ते सुटले की जेवणाआधी मी तिला बाजारातून एक फेरी मारून आणीत असे. या फेरीचे नियम मात्र तिने केले. रस्त्याच्या डाव्या हाताची दुकाने ओळीने घ्यायची, प्रत्येक दुकानात टांगलेल्या तागडीच्या पारड्याला एकदा हात लावायचा, पारडे हलले की ते थांबेपर्यंत पाहायचे, आणि पुढे जायचे. एखादे दुकान सुटले, तर घरी येऊन ती ताटाकडे पाठ करून बसे. फेरी पुरी झाल्याशिवाय तिच्या तोंडात घास जात नसे. दिवस मावळला तरी नाही. तिच्या आईने सारे उपाय करून पाहिले होते. म्हणून आमच्या घरी स्वयंपाक चुलीवर होई आणि जेवण बाजारावर अवलंबून असे.

पहिले दुकान बन्सीशेठचे, किराण्याचे. ऐन मापाच्या वेळी सुजाताने पारडे हलवले की ते वैतागत. पण गिऱ्हाइकांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मोकळी तागडी हलवली, की ती सगळ्यांच्या देखत स्थिर होते. आणि स्थिर झाल्यावर कोणते पारडे खाली राहते, तेही सगळ्यांच्या देखत दिसते. बायका नेमक्या त्या वेळेला साखर घ्यायला येऊ लागल्या. एक म्हातारी तर पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसून राही. बन्सीशेठ म्हणाले, “मावशे, घे की आता, काय बघायलीस?”

म्हातारी म्हणाली, “मास्तरची लेक येऊन जाऊ दे. मंग तोल.”

त्या आठवड्यात बन्सीशेठनी तागडी दुरुस्त करून घेतली. सरकारी निरीक्षक दर वर्षी येत असे. त्याला हे कधी जमले नव्हते.

फेरीतले शेवटचे दुकान गोविंदशेठचे, धान्याचे. गोविंदशेठ वयाने थोर आणि मताने त्याहून जुने. आम्हा लोकांचा हात लागला की तागडी बाटते, अशी त्यांची श्रद्धा. कायदा त्यांना ठाऊक होता, म्हणून तोंडाने ते काही बोलत नसत. आम्ही पाठ फिरवली की तांब्यातले पाणी पारड्यावर सोडीत.

हे मला करीमचाचांकडून कळले. मी रात्री बसून एक भाषण तयार केले. संयत, साधार, कलमांसह. दुसऱ्या दिवशी सुजाताने पारड्याला हात लावला, आम्ही वळलो, आणि चार पावलांवर मी भाषणासाठी थांबलो. मागे पाण्याचा आवाज झाला. सुजाताने मान वळवली. क्षणात ती परत धावली, पारड्यावरून गळणाऱ्या धारेखाली दोन्ही हात धरले, आणि खदखदून हसली. ती अशी हसते, हे तोवर आम्हालाही माहीत नव्हते. माझे भाषण राहूनच गेले.

त्या दिवसापासून पाणी हा फेरीचा भाग झाला. ती पारड्याला हात लावी आणि ओंजळ पुढे करून उभी राही. शेठना आता आमच्या पाठीमागे काही करण्याची सोय उरली नाही. दुकानात गिऱ्हाईक खोळंबे, आणि शेठ सगळ्यांसमोर, हुकमाने, शुद्धी करीत. अखेर एकदा कंटाळून त्यांनी मला विचारले, “मास्तर, पाणी न टाकता भागंल का हिचं?”

“माझं भागेल,” मी म्हणालो. “तिचं तिला विचारा.”

एवढे झाले म्हणून शेठ बदलले, असे कोणी समजू नये. माझ्या हातावर ते सुटे पैसे वरूनच टाकीत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींना तळ दिसू लागला, हंड्यांच्या रांगा लागल्या. त्या उन्हाळ्यात एके दिवशी सुजाताने पारड्याला हात लावला, ओंजळ पुढे केली. पण गोविंदशेठ हलले नाहीत. पिण्यापुरतेही पाणी मिळेना, तेव्हा बाटलेली तागडी त्यांनी तशीच राहू दिली होती. जे आमच्या पिढ्यांना जमले नाही, ते पावसाने न येऊन केले होते.

सुजाता पायरीवर बसली. मी तिला उचलू लागलो, तर तिने डोके दगडावर आपटायला आरंभ केला. आदल्या दिवशीही धार पडली नव्हती, आणि आदल्या दिवसापासून तिच्या पोटात काही नव्हते.

मी शेठकडे पाहिले. भाषण अजून पाठ होते.

“शेठ,” मी म्हणालो, “तागडीवर थोडं पाणी टाका.”

त्यांनी मान वर केली. “मास्तर, हे तुमी म्हणायलाव?”

“मीच म्हणतो आहे.”

शेठनी गादीपाशी झाकून ठेवलेला तांब्या उचलला. ते त्यांचे दिवसभराचे प्यायचे पाणी होते. पारड्यावरून बारीक धार सुटली. सुजाताने हात धरले आणि हसली. शेठनी तांब्या पुरता रिता होईतो धार थांबू दिली नाही.

रस्त्याने रिकामा हंडा घेऊन चाललेला एक माणूस थबकला.

“लोकाला प्यायला थेंब न्हाई,” तो मोठ्याने म्हणाला, “अन् हा म्हातारा अजून बाट धुवायलाय.”

मी सुजाताला पायरीवरून उठवले. गोविंदशेठनी त्याच्याकडे पाहिले नाही. रिकामा तांब्या त्यांनी पालथा घातला आणि मला म्हणाले, “न्या घरी. लेकरू जेवायचं थांबलंय.”