निळ्या रुळाचं कुलूप

शिवाप्पा सुतार रोज सकाळी हातोडी घेऊन रोलर कोस्टरच्या लाकडी डोंगरावर चढायचा. आनेकलच्या रस्त्यावरच्या पार्कात शेजारशेजारच्या रुळांवरून दोन गाड्या शर्यत लावायच्या, एक लाल, एक निळी. खालचा सगळा सांगाडा लाकडाचा. निपाणीहून आलेल्या शिवाप्पाची बावीस वर्षं तो ठोकण्यात आणि त्याचा आवाज ऐकण्यात गेली होती.

त्या शनिवारी स्टेशनालगतच्या वळणावर निळ्या रुळाची फळी बद्द वाजली. पोलादी पट्टीखाली लाकूड कुजलं होतं. त्याने निळ्या गाडीच्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. कुलूप घालेल त्यानेच ते काढायचं, असा तिथला नियम होता.

अकराला शहरातल्या एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीची माणसं आली. अर्धी लाल टी-शर्टात, अर्धी निळ्या. निळे सकाळपासून प्रत्येक खेळात हरले होते आणि ही शेवटची शर्यत होती. पार्कच्या मॅनेजर रघुनंदनने कानडीत "सरी, सरी" म्हणत, हो ला हो करत त्यांना निळ्या गाडीत बसवूनही टाकलं.

"फळी गेलीय," शिवाप्पा म्हणाला. "आज न्हाई जमायचं."

निळ्यांचा म्होरक्या सुहास दोघातिघांना घेऊन खाली उतरला. "अरे, मराठी का काका? मग आपल्याच माणसाला नडता होय? द्या चावी."

"फळी कुजलीय, साहेब."

"तुमचंच डोकं कुजलंय," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

सुहासने त्याची कॉलर धरली. पहिल्या थपडेने शिवाप्पाचा चष्मा उडाला, दुसरीने ओठ फाटला. "माणसं मरतील," तो म्हणाला, तेवढ्यात पोटात गुडघा बसला. तो कोसळला. किल्ली त्याच्या मुठीत होती. कुणीतरी त्या मुठीवर बूट ठेवून भार दिला. करंगळी मोडल्याचं त्याला कळलं, तरी मूठ उघडेना. मग दोघांनी मिळून एकेक बोट उलगडलं.

रघुनंदन मान वळवून उभा होता.

कुलूप निघालं. "चालू कर," सुहासने गाडी सोडणाऱ्या नयनाला फर्मावलं. तिने बटणावरचा हात काढून घेतला. "अण्णा रुळावर गेलेत."

तोवर शिवाप्पा कसाबसा उठून, पहार घेऊन वळणावर पोचला होता. खालून पाण्याची बाटली येऊन त्याच्या कानशिलावर फुटली. त्याने मागे पाहिलं नाही. पहारेचं टोक पट्टीखाली घालून त्याने छातीचा सगळा भार टाकला. एकदा, दोनदा. पट्टी किंचाळत वर आली. वीतभर बोल्ट अलगद निसटले आणि काळा, ओला भुसा खाली उभ्या असलेल्यांच्या डोक्यावर पडला. पहार लाकडात हातभर आत गेली.

नयनाने गाडीतले मांडीवरचे दांडे उघडले. आत बसलेले निळे एकेक करून उतरले.

सुहासच्या केसांत भुसा होता. "मग हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला.

"तीनदा सांगितलं त्यांनी," नयना म्हणाली. "तुम्ही मारत होता."