मढच्या वाळूवर चोळमंडल

भांडुपच्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवला. तमिळनाडूचा किनारा दरवर्षी यायचा आणि मी तो दरवर्षी पंधरा मिनिटांत उरकायचे. वर चोळमंडल, खाली पाल्कची सामुद्रधुनी, मग मन्नारचं आखात, आणि कन्याकुमारीला वळसा घातला की अरबी समुद्राकडची एक चिंचोळी पट्टी. चार तुकडे, चार रंगांचे खडू, की घंटा. स्वतः मी यांतला एकही तुकडा पाहिला नव्हता. मुलांनी कधी विचारलं नाही, मीही आपण होऊन कबूल केलं नाही.

पुढे वर्गात मुलांपेक्षा बाक जास्त झाले, तेव्हा मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि अंधेरीतल्या एका कंपनीत लागले. कंपनी शाळेच्या धड्यांचे व्हिडिओ बनवायची. माझं पद 'विषयतज्ज्ञ'. काम एवढंच, की कुणी नर्मदा बंगालच्या उपसागरात नेऊन सोडली तर ओरडायचं.

आमची दिग्दर्शिका माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. हुशार, सतत घाईत, आणि सगळ्यांना 'यार' म्हणणारी. माझा मान राखून मला 'मॅम यार' म्हणायची. तमिळनाडूच्या किनाऱ्याचा धडा करायचा ठरला तेव्हा वाटलं, चला, कंपनीच्या खर्चानं एकदाचं बघून तरी होईल. घरी माळ्यावरची बॅगसुद्धा काढून पुसून ठेवली.

"इथेच मुंबईत, मढला करू या ना," ती म्हणाली. "समुद्र तो समुद्र."

"अगं, तो बंगालचा उपसागर आहे."

"पाण्यावर लिहिलेलं असतं का, मॅम?"

बॅग परत माळ्यावर गेली. मार्चमधल्या एका दुपारी आम्ही वर्सोव्याच्या जेट्टीवरून फेरी पकडली. दिग्दर्शिका, कॅमेरावाला, तमिळ कोळी म्हणून घेतलेला मुलुंडचा एक नट, आणि मी. शूटिंगसाठी भाड्यानं मिळणाऱ्या एका बंगल्यामागे वाळूची लहानशी पट्टी होती. त्या पट्टीत आम्ही अख्खं तमिळनाडू कोंबलं. ओहोटी लागली तसं उथळ पाणी बघून पाल्क उरकला. बाजारातून आणलेले शंख वाळूवर फेकले, झालं मन्नारचं आखात. कोपऱ्यातल्या दोन खडकांना कन्याकुमारीचा मान दिला. चोळमंडल तेवढा संध्याकाळवर ठेवला, कारण त्यात सूर्य हवा होता.

मध्येच एक अडचण होती. पट्टीच्या कडेला बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्यापाशी साठीची एक कोळीण राखणीला बसली होती. दिग्दर्शिकेनं तिला बांबू जरा बाजूला घ्यायची विनंती केली.

"मी नाय हलवणार," बाई म्हणाली. "तुमचं आज हाय, उद्या नाय. माझ्या बोंबलांचं रोजचं हाय."

शेवटी आम्ही कॅमेरा हलवला.

उन्हं उतरली तशी मी माझंच स्क्रिप्ट वाचलं: 'चोळमंडल किनाऱ्यावर समुद्रातून उगवणारा सूर्य.' समोर बघितलं तर सूर्य समुद्रात बुडायच्या तयारीत.

"हा मावळतोय गं," मी म्हटलं. "तिकडे समुद्रातून उगवतो. पूर्व किनारा आहे तो."

"माहितीये. क्लिप उलटी चालवू. उगवला की."

"आणि तो नट?"

"तो उलटा चालेल. म्हणजे सुलटा दिसेल."

नट बिचारा खांद्यावर जाळं घेऊन पाण्याच्या कडेनं मागे मागे चालू लागला. तिसऱ्या वेळी त्याचा पाय अडकला आणि तो जाळ्यासकट पाण्यात बसला. कोळीण खो खो हसली. मग तिनं मला हाक मारली.

"काय चाललंय गो ह्याचं?"

मी तिला सांगितलं, की हा दुसऱ्या मुलखाचा किनारा आहे. तिकडे समुद्र पूर्वेला. सकाळी सूर्य पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी जमिनीकडे मावळतो.

तिनं बांबूवरचा एक बोंबील सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजे तिकडची माणसं सकाळी होडी घेऊन निघाली की ऊन डोळ्यात?"

"हो."

"आन संध्याकाळी घराकडे वळली की परत डोळ्यात?"

मी मनातल्या मनात नकाशा फिरवून बघितला. "हो."

"आमच्या माणसांच्या जाताना पाठीवर, येताना पाठीवर." ती चुकचुकली. "वाट लागत असल बिचाऱ्यांची."

सव्वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या किनाऱ्यावर माणसं राहतात, ती सकाळी कुठल्या तरी दिशेला तोंड करून कामाला जातात, हेच मी कधी शिकवलं नव्हतं. लाज वाटली, आणि आनंदही इतका झाला की मी चपला हातात घेऊन वाळूतून दिग्दर्शिकेकडे धावत सुटले.

"ते उलटं-सुलटं राहू दे. ही बाई काय म्हणते ते घे."

तिनं ऐकलं. "झकास! बसवा त्यांना इथे."

"अशी नाय बसणार," बाई उठली. "लुगडं बदलून येते."

नको नको म्हणेपर्यंत ती गेलीसुद्धा. आली तेव्हा अंगावर हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यात फुलं. अगदी लग्नाला निघाल्यासारखी. आणि समुद्रावर काळोख.

"थांबवला नाय त्याला?" तिनं दिग्दर्शिकेला दरडावून विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून बंगला एका मालिकेला दिलेला होता. त्यामुळे उलटा सूर्यच धड्यात गेला. आठवड्याभरात बोरिवलीच्या एका मुलीनं लिहून पाठवलं: लाटा समुद्रात परत का जातायत? पक्षी शेपटीकडून का उडतोय? पाण्यात बसलेला माणूस आपोआप उभा कसा राहतो?

कंपनीच्या साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. "विषयतज्ज्ञ झोपले होते का?"

मी तोंड उघडायच्या आत दिग्दर्शिका म्हणाली, "मॅमनी सांगितलं होतं, सर. मी ऐकलं नाही." त्या दिवसापासून तिचं 'मॅम यार' मला गोड लागायला लागलं.

शनिवारी आम्ही दोघीच फोन घेऊन मढला गेलो. या वेळी दुपारी तीनलाच पोचलो, म्हणजे लुगड्याला वेळ मिळावा. बाईनं सगळं एका दमात सांगितलं, आमची होडी, त्यांची होडी, ऊन कुठे लागतं ते. शेवटी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "टोप्या घाला रे!" ते वाक्य साहेबांना काढायचं होतं. आम्ही काढू दिलं नाही.

त्यानंतर मला राहवेना. नोव्हेंबरात मी नवऱ्याला घेऊन नागपट्टिनमला गेले. तो मूळचा मालवणकडचा, आणि त्याच्या मते वेंगुर्ल्याच्या खाली समुद्र असला तरी त्याला किनारा म्हणत नाहीत. स्टेशनवर उतरलो तर धो धो पाऊस. ईशान्य मोसमी वारे, ऑक्टोबर ते डिसेंबर. फळ्यावर मी हे दरवर्षी अधोरेखित करून लिहायचे, आणि छत्री घ्यायला मीच विसरले होते. चार दिवस ढगांतून सूर्याचं नखही दिसलं नाही. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, माणसं चहाच्या टपरीत.

तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं खुणा करकरून बाजारातून एक भलामोठा मासा घेतला. लॉजवर शिजवायची सोय नाही हे त्याला खोलीत आल्यावर आठवलं. लॉजवाल्याच्या बायकोनं हसत तो मासा आमच्या हातातून घेतला आणि दुपारी केळीच्या पानावर कालवण-भात वाढला. नवऱ्यानं तीनदा भात घेतला, आणि चिंच जरा जास्त झाली म्हणाला.